मदत हवी आहे: हेवीवेट किताबाच्या लढतीत 'हरणारच' म्हटल्या जाणाऱ्या गड्याची शक्यता कशी जोखायची?

नमस्कार मंडळी,

बॉक्सिंग नियमित बघायला लागून मला जेमतेम तीन वर्षं झाली आहेत. प्रश्न बाळबोध वाटला तर सांभाळून घ्या.

एक हेवीवेट किताबाची लढत तोंडावर आली आहे. नावं मुद्दाम देत नाही. दिली की धागा चाहत्यांच्या हाणामारीत जातो आणि प्रश्न राहतो बाजूला. जगज्जेता अपराजित, उंच, लांब हातांचा, बहुतेकांना नॉकआउट केलेला. पण आता सदतीस वर्षांचा, आणि गेलं सव्वा वर्ष रिंगमध्ये उतरलेला नाही. आव्हानवीर तिशीतला, डावखुरा, दोनदा हरलेला, दोन्ही वेळा गुणांवर. सट्टेवाल्यांचा भाव त्याच्यावर ८ ला १.

धाकट्या भावाचं म्हणणं, हाच जिंकणार. कारण विचारलं की एकच उत्तर: "बस्टर डग्लस!" जणू १९९० साली टोकियोत टायसन पडला म्हणून यापुढे प्रत्येक जगज्जेत्याने पडायचंच. त्याला गप्प करायला म्हणून मी वही घेऊन बसलो. डग्लस-टायसन, रहमान-लुईस (२००१), रुईझ-जोशुआ (२०१९), क्ले (पुढचा मुहम्मद अली)-लिस्टन (१९६४) अशा धक्कादायक निकालांची कारणं लिहून काढली. झालं उलटंच. प्रत्येक ठिकाणी आमच्या आव्हानवीराशी जुळणारं काहीतरी सापडायला लागलं आणि आता मलाही वाटतंय की हा जिंकेल.

माझं चुकतंय कुठे? उंची, वजन, वय, आधीच्या हारजिती, यातलं नक्की काय बघायचं? पैसे लावायचे नाहीत, फक्त भावापुढे तोंड उघडता यायला हवं. आगाऊ आभार.

प्रतिसाद १

चूक वहीत आहे. तुम्ही फक्त जिंकलेले दुबळे गोळा केलेत. जो लुईने १९३७ ते १९४९ या काळात किताब २५ वेळा राखला. त्या लढतींत समोर उभ्या राहिलेल्या किती जणांची नावं सांगता येतील तुम्हाला? "याचा जॅब (पुढच्या हाताचा सरळ, झटपट गुद्दा) चांगला आहे", "हा घाबरत नाही" असं त्यांच्याबद्दलही कोणीतरी म्हटलंच असणार. १९८८ मध्ये टायसनसमोर आलेला मायकेल स्पिंक्स तर अपराजित होता. ९१ सेकंद टिकला. तोही लिहा वहीत.

भावाचं गणित असं: ८ ला १ म्हणजे नवात एकदा, साधारण ११ टक्के. सट्टेवाला स्वतःचा नफा त्यातच धरतो, म्हणजे खरी शक्यता आणखी थोडी कमी. सुरुवात इथून करा आणि ठोस कारण हाताशी असेल तरच वर सरका. डग्लसचा भाव ४२ ला १ होता, म्हणजे सव्वादोन टक्क्यांच्या आसपास. तुमचा गडी त्या मानाने बराच सुखात आहे.

प्रतिसाद २

वरच्याशी सहमत, पण टक्क्यांनी लढत कळत नाही. मी स्वतःला एकच प्रश्न विचारतो: हा जिंकलाच, तर कसा जिंकेल? उत्तर एका वाक्यात येत नसेल तर विषय संपला. "जीव तोडून लढेल" हे उत्तर नव्हे, ते सगळेच लढतात.

डग्लसच्या बाबतीत उत्तर होतं, फार कोणी शोधलं नाही इतकंच. टायसन पाच फूट दहा इंच. डग्लस त्याच्यापेक्षा चांगलाच उंच, आणि हातांचा पल्ला फूटभर जास्त. अशा माणसाला मारायचं तर टायसनला डोकं हलवत, वाकत आत घुसणं भाग होतं. ते घोटून घेणाऱ्या केविन रूनीला त्याने १९८८ मध्येच दूर केलं होतं. टोकियोत तो बराचसा सरळ चालत आला आणि डग्लसचा जॅब तोंडावर खात राहिला. डोळा सुजायला लागला तेव्हा त्याच्या कोपऱ्यात सूज दाबायचा थंडगार धातूचा तुकडासुद्धा नव्हता. रबरी हातमोज्यात बर्फाचं पाणी भरून तो मोजा डोळ्यावर धरला होता! चित्रफीत मिळाली तर तेवढा भाग दोनदा बघा. जगज्जेता किती तयारीनिशी आला होता ते त्या लोंबत्या मोज्यात दिसतं.

डग्लसची आई लढतीच्या तीनेक आठवडे आधी वारली होती. लोक सगळं श्रेय त्या दुःखाला देतात. आठव्या फेरीत पडल्यावर तो उठला, त्यात ते असेलही. पण दुःखाने हात फूटभर वाढत नाहीत.

दुसरं, परतीच्या लढती बघा. रहमानने दक्षिण आफ्रिकेत लुईसला पाचव्या फेरीत झोपवलं. उंचावरची विरळ हवा, आणि तिची सवय व्हायला हवी तितके दिवस आधी लुईस पोचलाच नव्हता. सात महिन्यांनी तोच लुईस तयारी करून आला आणि चौथ्या फेरीत रहमानचा खेळ खलास. रुईझ पहिल्या लढतीला २६८ पौंडांचा होता, सहा महिन्यांनी २८३ पौंड घेऊन आला आणि जोशुआने त्याला बारा फेऱ्या नुसता फिरवला. डग्लस तर पुढच्याच लढतीत होलिफिल्डसमोर तीन फेऱ्यांत गेला. म्हणून मी आव्हानवीराआधी जगज्जेत्याचं शिबिर बघतो. प्रशिक्षक बदलला का, वजन किती आहे, सव्वा वर्ष बसला तो दुखापतीमुळे की नुसताच?

प्रतिसाद ३

एवढा कीस कशाला पाडताय? हेवीवेट आहे, एक बसला की संपलं. १९९४ मध्ये फोरमन ४५ वर्षांचा होता, तिन्ही पंचांच्या कागदावर मागे (पंच म्हणजे गुण देणारे, गुद्देवाले नव्हेत). दहाव्या फेरीत जगज्जेत्या मूररला आडवा केला की नाही?

प्रतिसाद २ (पुन्हा)

केला. पण फोरमनच्या हातात तो गुद्दा आयुष्यभर होता. धागाकर्त्याच्या डावखुऱ्याकडे आहे का? त्याने कोणाकोणाला पाडलंय ते बघा, नुसता आकडा नको.

धागाकर्ता

बघितलं. नॉकआउट आहेत बरेच, पण सगळे नवख्यांवर. मातब्बर समोर आला की लढत शेवटच्या फेरीपर्यंत गेली आहे. म्हणजे एका गुद्द्याचा रस्ता बंदच म्हणायचा? जगज्जेता बसला होता तो खांद्याच्या शस्त्रक्रियेमुळे. उजवा खांदा.

प्रतिसाद ४

बंद नाही, अरुंद. पण मग मुख्य रस्ता गुणांचा, आणि तो लांब असतो. बारापैकी सात फेऱ्या स्पष्ट जिंकाव्या लागतात, कारण लढत बरोबरीत सुटली तर किताब जगज्जेत्याकडेच राहतो. बिली कॉनचं नाव वहीत घाला. १९४१ मध्ये त्याने जो लुईला बारा फेऱ्या झुलवलं, गुणांवर पुढे होता. तेराव्या फेरीत (ती लढत पंधरा फेऱ्यांची होती) याला नॉकआउटची हाव सुटली, आणि फेरी संपायला दोन सेकंद असताना हाच नॉकआउट.

डावखुरेपणाचं वजन मात्र तुम्ही कमी धरलंय. उसिकने २०२१ मध्ये जोशुआला हरवलं ते याच रस्त्याने: पुढचा पाय सतत त्याच्या पुढच्या पायाच्या बाहेर, आणि तिथून सरळ डावा गुद्दा. २००३ मध्ये डावखुऱ्या कॉरी सँडर्सने व्लादिमिर क्लिच्कोला दोन फेऱ्यांत चार वेळा पाडलं, वयाच्या सदतिसाव्या वर्षी. डावखुऱ्यावर सगळ्यात चालणारं अस्त्र म्हणजे सरळ उजवा. तुमच्या जगज्जेत्याचा नेमका उजवा खांदा शस्त्रक्रियेतून उठलाय. हे ठोस कारण आहे, यावर एखादं बोट वर सरकायला माझी हरकत नाही.

आता एक करा. जगज्जेत्याच्या जुन्या लढतींमधल्या सातव्या फेरीपासून पुढच्या फेऱ्या आवाज बंद करून बघा. समालोचक सारखे त्याच्या ताकदीबद्दल बोलत असतात आणि आपल्याला तेच दिसायला लागतं. जॅब मारल्यावर त्याचा डावा हात हनुवटीपाशी परत येतो की कमरेपाशी, एवढंच मोजा.

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री दोन लढती आवाज बंद करून बघितल्या. आठव्या फेरीपर्यंत हात वर परत येतो. नवव्यापासून छातीपाशी रेंगाळतो, एकदा तर पूर्ण खाली गेला होता, पण समोरचा इतका दमलेला होता की त्याला ते दिसलंच नाही. आमचा गडी नवव्या फेरीत दमलेला नसतो, हे त्याच्या हरलेल्या लढतींतच दिसतं. गंमत म्हणजे त्या दोन लढती मी आजवर त्याच्या विरुद्ध धरत होतो.

वहीत आता एक वाक्य आहे: पहिल्या सहा फेऱ्या बाहेरून पाय ठेवत काढायच्या, उजव्याखाली सापडायचं नाही, आणि नवव्यापासून सरळ डावा. शक्यता मी १५ टक्के धरतोय. पहिल्या तीन फेऱ्यांत तो उजवा नेहमीसारखा सुटताना दिसला तर पाचावर येईन.

भावाला हे सगळं वाचून दाखवलं. पूर्ण ऐकून घेतलं त्याने, मग म्हणाला, "म्हणजे डग्लसच की."