बर्न्ससाहेबांची 'ऑलिव्ह ब्रँच': मुंबईला वेगळी मेसनिक नाइट ऑर्डर कशाला लागली?

किल्लेदार
डॉ. जेम्स बर्न्स १८३६ साली फ्रीमेसनांच्या (गुप्त विधी पाळणाऱ्या बंधुसंघाच्या) स्कॉटलंडमधल्या ग्रँड लॉजतर्फे, म्हणजे मध्यवर्ती संस्थेतर्फे, पश्चिम भारताचे प्रांतिक ग्रँड मास्टर झाले. काबूलमध्ये १८४१ साली मारला गेलेला ब्रिटिश अधिकारी अलेक्झांडर बर्न्स तो यांचाच भाऊ. डॉक्टरांनी १८३७ साली नाइट्स टेम्पलरांच्या, म्हणजे क्रूसेडमध्ये (मध्ययुगीन धर्मयुद्धांत) लढलेल्या ख्रिस्ती संघाच्या, इतिहासावर पुस्तकही लिहिलं. मग १८४५ मध्ये याच गृहस्थांनी मुंबईत 'ब्रदरहुड ऑफ दि ऑलिव्ह ब्रँच इन दि ईस्ट' नावाची दुसरीच ऑर्डर (संघ) का काढली? मेसनांत टेम्पलर नावाची नाइट ऑर्डर होतीच की. आणि मेसनिक टेम्पलर हे क्रूसेडवाल्यांचे खरे वारस का? विधीत काय करतात?

पानसुपारी
अडचण धर्माची होती. साध्या लॉजमध्ये (मेसनांच्या स्थानिक शाखेत) यायला कुठल्याही रूपात परमेश्वर मानणं पुरतं. टेम्पलर व्हायचं तर आधी मास्टर मेसन (लॉजची तिसरी पदवी), त्यावर रॉयल आर्च (पुढची पदवी), आणि शिवाय ख्रिस्ती त्रैक्यावर श्रद्धा असल्याचं सांगावं लागतं. म्हणजे पारशी, हिंदू, मुसलमान सगळे बाद. मुंबईत एतद्देशीयांसाठी 'रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया' हे लॉज बर्न्स यांनीच १८४३ साली उघडलं होतं. तिथल्या मंडळींना नाइटपदाचा रस्ता बंद, म्हणून ही पळवाट.

तिचे तीन वर्ग होते: नॉव्हिस, कम्पॅनियन, ऑफिसर. पहिल्याला मेसन म्हणून दीक्षा झालेली असली की झालं. दुसऱ्याला मास्टर मेसन असणं सक्तीचं. तिसऱ्याला रॉयल आर्च असलेलं बरं, पण सक्ती नाही. बिल्ल्यावर क्रूस नाही, तर चोचीत ऑलिव्हची हिरवी डहाळी घेऊन खाली उतरणारं कबूतर. सुरुवातीला उत्साह दांडगा होता, पण ऑर्डर टिकली नाही. माझ्या मते नाइटपदाची प्रतिष्ठा जुन्या नावात होती, आणि ती नव्या बिल्ल्याला कुठून येणार?

जुना बुरूज
वारस नाहीत. मूळ टेम्पलरांची धरपकड १३ ऑक्टोबर १३०७ रोजी झाली, १३१२ साली पोपने संघ बरखास्त केला, १३१४ साली त्यांचा शेवटचा ग्रँड मास्टर जाक द मोले याला जाळलं. मेसनांचं क्रूसेडशी नातं जोडलं ते शेव्हेलियर रॅमसे या मेसनाच्या भाषणाने, १७३६-३७च्या सुमारास पॅरिसमध्ये. त्यानेही टेम्पलरांचं नाव घेतलेलं नाही. तो धागा पुढे जर्मनीत फॉन हुंड या मेसनाने टेम्पलरांपर्यंत ओढला, आणि तिथल्याच १७८२च्या विल्हेल्म्सबाड परिषदेत मेसनांनीच तो वारसा नाकारला. मेसनांनी टेम्पलर पदवी दिल्याची सर्वांत जुनी नोंद बोस्टनची, १७६९ची. इंग्लंडात १७९१ साली थॉमस डंकर्ली मेसनिक टेम्पलरांचे पहिले ग्रँड मास्टर झाले.

खरा वारसा शोधायचाच तर पोर्तुगालात शोधा. तिथे टेम्पलरांची मालमत्ता १३१९ साली स्थापन झालेल्या 'ऑर्डर ऑफ ख्राइस्ट'कडे गेली. वास्को द गामाच्या शिडांवरचा लाल क्रूस तो हाच. आपल्या किनाऱ्यावर तो मेसनांच्या कितीतरी आधी पोचला.

किल्लेदार
धन्यवाद. आणि विधी? नेटवर एका फोटोत पांढरे झगे, दुसऱ्यात काळा कोट आणि पिसांची टोपी. कुठलं खरं?

पानसुपारी
दोन्ही खरे, देश वेगळे. इंग्रजी पद्धतीत पांढरा अंगरखा आणि पांढरा मँटल (वरून घ्यायचा झगा), दोन्हींवर लाल क्रूस. पिसांची टोपी आणि काळा गणवेश अमेरिकन. स्थानिक शाखेला इंग्लंडात प्रिसेप्टरी म्हणतात, अमेरिकेत कमांडरी. प्रिसेप्टरीचा प्रमुख प्रिसेप्टर, हाताखाली दोन कॉन्स्टेबल, मार्शल, चॅप्लेन, हेरल्ड वगैरे.

उमेदवार यात्रेकरूच्या वेषात, हातात काठी घेऊन येतो. यात्रा पुरी झाली की काठी जाऊन तलवार येते, शपथ होते, मग गुडघ्यावर बसवून तलवारीच्या पात्याने नाइट करतात आणि मँटल चढवतात. इंग्लंडात यानंतर माल्टाची पदवी असते: आधी सेंट पॉलचा छोटा टप्पा, मग काळा मँटल आणि आठ टोकांचा पांढरा क्रूस. अमेरिकेत क्रम उलटा, म्हणजे रेड क्रॉस (ही एक पदवी), माल्टा आणि शेवटी टेम्पल. वर्णनं वाचताना घोळ होतो तो इथेच. अमेरिकन पुस्तकातला क्रम मुंबईतल्या ब्रिटिश परंपरेच्या शाखांना लावू नका.

जुना बुरूज
एक पुरवणी. मुठीच्या टोकाला शिरस्त्राण घातलेलं डोकं असलेली तलवार 'क्रूसेडच्या काळातली' म्हणून विकायला ठेवलेली दिसते. पातं म्यानातून काढून बघा. त्यावर मालकाचं नाव कोरलेलं असेल आणि मुठीजवळ 'एम. सी. लिली, कोलंबस'सारखा बनवणाऱ्याचा शिक्का असेल, तर ती अमेरिकन कमांडरीची, एकोणिसाव्या-विसाव्या शतकातली. पॉलिश मात्र करू नका, कोरीव नक्षी उथळ असते, पहिली तीच जाते.

गल्लीबोळ
अवांतर: लॉजच्या इमारतीला लोक 'जादूघर' म्हणत, कुठे कुठे 'शैतानखाना'सुद्धा. बंद दाराआड तलवारी नेणारे साहेब बघून दुसरं काय म्हणणार!