सायकलवर जायचं, उतरून चढायचं : पायात काय घालता?

धागाकर्ता

नळदुर्गचे नर-मादी धबधबे वाहायला लागले की सोलापुरातल्या सायकली हैदराबाद रोडला लागतात. पंचेचाळीस-पन्नास किलोमीटर सायकल, मग किल्ल्यात दोन-तीन तास पायपीट आणि परत तेवढीच सायकल. निघायच्या आदल्या रात्री ग्रुपवर हमखास प्रश्न येतो, "बूट कुठले घालू?" आणि उत्तरं येतात ती दुकानदारानं दिल्यासारखी. म्हणून हा धागा. नेटवर वाचलेलं नको, पायाखालून गेलेलं लिहा. रस्ता कुठला, पायडल कसलं, बूट कसला आणि घरी आल्यावर पायाचं काय झालं, एवढं आलं तरी पुरे.

सुरुवात मीच करतो. सायकलला सोल कडक लागतो, चालायला वाकणारा लागतो. सगळं भांडण इथंच आहे. माझी जुनी एमटीबी, म्हणजे माउंटन बाइक, तिला साधं रुंद पायडल. त्यावर मी बरेच दिवस मऊ रनिंग शूज चालवले. बोरामणीपर्यंत काही कळायचं नाही. इटकळच्या आसपास चवडा जळायला लागायचा, मग बोटं बधिर. सोल मऊ असला की पायडलची कड थेट चवड्यात रुतते आणि हाडांमधून बोटांकडे जाणाऱ्या नसा तासभर दाबल्या जातात. किल्ल्यात पोचल्यावर मात्र तेच बूट झकास.

आता घोट्याखाली संपणारे ट्रेकिंगचे बूट वापरतो. दुकानात एका हातानं टाच, दुसऱ्या हातानं पुढचं टोक धरून वाकवून बघतो. बोटांच्या सांध्यापाशी वाकला तर पुढची बोलणी. मधोमध घडी पडली तर परत खोक्यात. अजिबातच वाकला नाही तर तो सायकलला बरा, पण किल्ल्यातल्या उपळ्या बुरुजाच्या उंच पायऱ्यांवर टाच आतल्या आत उचलली जाते आणि मग फोड ठरलेलाच. घोट्याच्या वर येणारे उंच बूट सायकलला नकोतच. पायडलच्या प्रत्येक फेऱ्याला त्यांची कड त्याच जागी घासते.

होटगीरोडकर

मी क्लीटवाला. क्लीट म्हणजे बुटाच्या सोलला बसवायचा, पायडलमध्ये अडकणारा तुकडा. क्लीट लावून चालता येत नाही असं जो तो सांगतो, पण क्लीट कुठली ते कुणी विचारत नाही. रोड सायकलची तीन बोल्टची प्लास्टिकची क्लीट सोलच्या बाहेर येते. तिच्यावर चालणं म्हणजे निव्वळ बदकचाल, वर झिजते ती वेगळीच. एमटीबीची दोन बोल्टची छोटी लोखंडी क्लीट सोलच्या खाचेत बसते आणि जमिनीला आजूबाजूचे रबरी दात टेकतात. शिमानो कंपनीनं १९९० मध्ये एसपीडी ही पायडल-क्लीटची पद्धत आणली ती उतरून चालता यावं म्हणूनच.

पण खरं सांगायचं तर किल्ल्यात हे बूट कामापुरतेच. दात नवे असेपर्यंत ठीक. ते झिजले की लोखंड दगडाला लागतं, कर्र करून आवाज येतो आणि पाय निसटतो. पाणीमहालाकडे जाताना ओल्या दगडावर मी टाचेवर वजन ठेवून, भिंतीला हात लावत उतरतो. १६१३ मध्ये बोरी नदीवर बंधारा घालून त्याच्या पोटात महाल बांधणाऱ्यांनी क्लीटवाल्यांचा विचार केलेला नाही. काळ्या रानात उतरलात तर क्लीटच्या खाचेत माती ठासून बसते, मग पाय पायडलला अडकतच नाही. त्यासाठी तुटक्या स्पोकचा तुकडा बॅगेत असतोच.

आणखी एक. वाटेत कुठंतरी क्लीटचा एक बोल्ट गळून पडला होता. मार्केट यार्डासमोर थांबायला म्हणून टाच बाहेर फिरवली, तर बूट फिरला आणि क्लीट जागची हलली नाही. भर गर्दीत सायकलसकट आडवा. एका बोल्टवर क्लीट नुसती गरगर फिरते, सुटत नाही. आता बोल्टला ग्रीस लावून ५ ते ६ न्यूटन-मीटरला कसतो आणि ४ एमएमची ॲलन की सोबत ठेवतो. नव्यानं सुरू करणाऱ्यांनी मल्टी-रिलीज क्लीट घ्यावी, तिच्यात पाय टाच फिरवून सुटतोच, घाईत वर ओढला तरी सुटतो.

सँडलसम्राट

सँडल. विषय संपला.

माळरानवाली

विषय कसला संपतोय! दिवाळीच्या सुमाराला नान्नजच्या माळावर सँडल घालून चालून दाखवा, मग बोलू.

मी पक्षी बघायला जाते. बार्शी रोडनं वीसेक किलोमीटर सायकल, पुढं परवानगी असेल तिथं पायी. तिथं चढ नाही, दगड नाही, पाणी नाही. त्रास आहे तो कुसळांचा. कुसळाचं टोक अणकुचीदार आणि त्यावर मागं वळलेले बारीक केस. एकदा कापडात शिरलं की चालताना पुढंच सरकतं, मागं येत नाही. हल्लीचे बूट हवेशीर म्हणून जाळीदार करतात. ती जाळी म्हणजे कुसळांना उघडं दार. पहिल्यांदा गेले तेव्हा दुर्बीण कमी आणि बूट जास्त हातात होते. घरी आल्यावर चिमट्यानं कुसळं उपटली, तरी दुसऱ्या दिवशी शाळेत टोचत होती, कारण टोकं मोडून आतल्या अस्तरात राहिली होती.

आता वरचं कापड गच्च विणीचं किंवा रेक्झिनसारखं बघते. गरम होतं, पण चालतं. जुन्या जीन्सच्या पायाचे दोन तुकडे कापून, वर-खाली इलॅस्टिक घालून घोट्यावर चढवते. बुटाचं तोंड आणि मोजे झाकले जातात. सायकलवर उजवीकडचा तुकडा चेनपासून पँटही सांभाळतो. मोजे गुळगुळीत नायलॉनचे. टॉवेलसारखे जाड सुती मोजे घातले तर कुसळांची पेरणीच.

आणि सराटे! सराटा कसाही पडला तरी त्याचा एक काटा आभाळाकडे असतो. माळावरून सायकलपाशी परत आलं की आधी दोन्ही सोल उलटे करून बघायचे, मगच सायकल हलवायची. बुटातला सराटा घरच्या फरशीवर येतो आणि तिथं अनवाणी असतात ती आपलीच माणसं.

टायरवहाण

मॅडम बरोबर बोलल्या. त्यात वेडी बाभळ धरा की. आमचं रान हाय मुळेगावाकडं, बांधाला नुसती वेडी बाभळ. तिचा काटा वाळला की खिळ्यावानी. तुमचे ते पांढऱ्या फोमचे सोल हायत न्हवं, त्यातनं सरळ वर येतो. फोम हलका असतो, मऊ असतो, समदं खरं. पर खाली जाड रबराचा थर नसंल तर रानात त्याचा काय उपेग न्हाई. दुकानात गेलं की सोलला नख लावून बघा. नख रुतलं तर काटा पण रुतणार.

आमच्या आज्ज्याकडं टायरच्या सोलची वहाण होती. काटा आत जायची टाप न्हाई. त्याच वहाणंवर सायकल हाणत बाजारला यायचा आन् परत जाऊन रानात चार वाजेपतूर. वजन लई, पायाला घट्टे पडायचे, त्ये बी खरंच. मी बूट घालतो बे, पर सोल बघताना वहाण आठवतो.

धागाकर्ता

नखाची परीक्षा आवडली. फक्त एवढं, की ओल्या दगडावर मऊ रबर जास्त धरतं आणि लवकर झिजतं. कडक रबर टिकतं आणि घसरतं. काट्याचं रान आणि ओला किल्ला या दोन्हींना एकच रबर मिळणं अवघड. आपल्याकडं पाऊस तो किती, आणि काटे बारा महिने. मी कडक रबराच्या बाजूनं.

नवीपेठकरीण

बायकांचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. माझा पाय पुढून रुंद. "लेडीज" म्हणून जे दाखवतात त्यांची पुढची बाजू निमुळती आणि रंग गुलाबी. मी सरळ पुरुषांचा छोटा नंबर घालते. टाचेला थोडा सैल होतो, तो नाडीनं आवळते. सगळ्यात वरची दोन भोकं असतात ना, बहुतेक जण ती रिकामी सोडतात. नाडी त्याच बाजूच्या वरच्या भोकात घालून फास करायचा, समोरची नाडी त्या फासातून काढायची आणि खाली ओढायची. टाच जागच्या जागी बसते. हे उतरताना. सायकलवर हाच फास सैल सोडायचा, नाहीतर पायाचा वरचा भाग दुखतो. आणि नाडीची टोकं आत खोचायची. उजव्या पायाची नाडी चेन आणि दात्यांत गेली तर पाय खेचला जातो, ब्रेक मारून उपयोग नसतो, सायकल मागं ढकलून ती सोडवावी लागते.

बूट घ्यायला संध्याकाळी जा. एप्रिल-मेमध्ये पारा ४३-४४ ला टेकतो तेव्हा दिवसभरात पाय चांगलाच सुजतो. सकाळी नेमका बसलेला बूट दुपारी चावतो. उभं राहून अंगठ्यापुढं बोटभर जागा हवी. ती नसली तर उतारावर नखं पुढं आपटून काळीनिळी होतात.

आता खरा प्रश्न. आपल्याकडची सायकल शेवटी देवळापाशीच थांबते. तुळजापूर, अक्कलकोट, कुडल. म्हणजे बूट काढायचे, उन्हात तापलेल्या फरशीवर चालायचं आणि बाहेर आल्यावर बूट जागेवर असतील ही प्रार्थना करायची. यावर कुणाकडे तोडगा आहे?

सँडलसम्राट

आलात ना वळणावर.

मी मागं पट्टा असलेले, पुढून बंद असलेले सँडल घालतो. बोटांना काटा लागत नाही. तुळजापूरचा घाट चढून गेल्यावर पट्टा ओढला की दर्शनाच्या रांगेत. हत्तरसंग कुडलला तर बुटाचं कामच नाही. भीमा-सीनेचा संगम, काठाला गाळ. सँडल घालून पाण्यात जा, तिथंच धुवा, घालून देवळाच्या पायरीपर्यंत या. शके ९४० चा मराठी शिलालेख बघायचा तर सँडल बाहेर काढा, कुणी चोरत नाही, कारण ते तसेच दिसतात. नान्नजचं मान्य, तिथं हरलो.

होटगीरोडकर

देवळासाठी कॅरियरला कापडी पिशवी बांधून ठेवतो. बूट काढले की पिशवीत आणि पिशवी पाठीवरच्या बॅगेत. चप्पल स्टँडवर क्लीटचे बूट ठेवले की तिथला मुलगा आधी ते उलटेसुलटे करून बघतो, मग मित्राला हाक मारतो.

पुण्यातला सोलापुरी

वाढलो सोलापुरात, नोकरी पुण्यात, त्यामुळे माझं सिंहगडावर. पहाटे सायकलनं पायथा, सायकल ओळखीच्या टपरीमागं कुलूप लावून, पुढं पायवाटेनं वर. मी दोन जोड नेतो. सायकलचे कडक बूट घालून, हलके ट्रेल रनिंगचे कॅरियरला. वजन वाढतं, पण पावसाळ्यात पायवाटेवरच्या ओल्या खडकावर पाय घसरला तर त्या वजनाचं काही वाटत नाही. नळदुर्गला दोन जोड न्यायची मात्र मला गरज वाटत नाही, तिथं चढ फार नाही.

वॉटरप्रूफ बुटांच्या नादी लागू नका. पाणी वरून, घोट्याकडून आत येतं आणि मग बाहेर जायचं नाव घेत नाही. जाळीचा बूट भिजतो आणि चालता चालता वाळतो. ओला बूट घरी आणल्यावर आतला सोल काढायचा, वर्तमानपत्र कोंबायचं, दोन-तीनदा बदलायचं आणि पंख्याखाली ठेवायचा. उन्हात ठेवला की गोंद सुटतो.

जुनाबूटवाला

गोंदावरून आठवलं. कपाटात जपून ठेवलेला भारी बूट अचानक सोल सोडतो, त्यामागं वापर नसतो. बऱ्याच बुटांत मधला थर पॉलियुरेथेनचा असतो. हवेतल्या ओलाव्यानं तो वर्षानुवर्षं आतून कुजत जातो, न वापरताही, आणि एक दिवस भुगा होतो. माझा नळदुर्गच्या परतीच्या वाटेवर झाला, अर्धा सोल पायडलला चिकटून राहिला. ट्यूबचा पट्टा कापून बुटाभोवती बांधला आणि घरी आलो.

नवा बूट घेतला की मी मोच्याकडून सोलला कडेनं शिवण मारून घेतो. शिवताना नायलॉनचा दोरा, आणि शिवण सोलच्या खाचेतून जायला हवी. उघड्यावर राहिली तर पायडलवर घासून तुटते. मधला थरच कुजला असेल तर शिवूनही काही होत नाही, फेकायचा.

नवखा

सगळं वाचलं. माझी सायकल साधी, पायडल प्लास्टिकचं, बूट कॉलेजचे कॅनव्हासचे. बजेट तुटपुंजं. आधी काय बदलू?

धागाकर्ता

पायडल. प्लास्टिकचं पायडल ओलं झालं की कुठलाही बूट घसरतो. रुंद, वर बारीक खिळे असलेलं फ्लॅट पायडल घे. पाय पसरून बसतो, चवड्यावरचा दाब वाटला जातो आणि मऊ सोलसुद्धा बऱ्यापैकी खपून जातो. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, ते घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं फिरवून सुटतं, जोर लावण्याआधी हे बघ. खिळे नडगीला लागले की सालटं निघतं, तेवढं सांभाळ. कॅनव्हासवर आधी हिप्परगा तलावापर्यंत जाऊन काठानं फिरून ये. चवडा कुठं जळतो, टाच कुठं घासते ते कळलं की मग बुटाचं बघू. आणि नान्नजला जायचं असेल तर माळरानवालीकडून जीन्सचे तुकडे मागून घे.

माळरानवाली

तुकडे देणार नाही, माप देते. शिवून घे.