टेडीचं पोट बसतं, हातपाय लोंबतात, काय बदलू?

प्रश्न (चोपडा): १२ इंची टेडी शिवते. आत आपल्याकडचाच कापूस भरते आणि हातपाय दोऱ्याने टाचते. थोड्या दिवसांत गोळे होतात, हात लोंबतात. डिसेंबरात सारंगखेड्याच्या यात्रेत स्टॉल लावायचाय.

उत्तर (धुळे): ताई, कापूस दाबला की बसतो आणि ओलही धरतो. पॉलिस्टर फायबर घ्या. पिंजून, चिमूट-चिमूट, नाकापासून सुरुवात करून काडीने घट्ट ठासा; नाक मऊ राहिलं तर त्यावरचे टाके आत ओढले जातात. हातपाय दोऱ्याने टाचू नका, चकत्यांच्या फिरत्या सांध्याने जोडा. प्रत्येक सांध्याला दोन चकत्या, दोन वॉशर, एक बोल्ट आणि लॉकनट (आपोआप न सुटणारा नट) लागतो. साधा नट हात फिरवून फिरवून सुटतो. एक चकती हाताच्या आत, दुसरी धडाच्या आत. हार्डबोर्ड पाण्याने फुगतो, म्हणून प्लॅस्टिकच्याच चकत्या बऱ्या. हात फिरवायला जोर लागेल इतकं आवळा, भरल्यावर थोडं सैल होतंच.

उत्तर (नंदुरबार): फर कापताना कात्रीचं टोक फक्त मागच्या कापडातून चालवा, नाहीतर शिवणीवर लव तुटकी दिसते. तीन वर्षांखालच्या मुलांसाठी डोळे दोऱ्यानेच भरा, मणी-बटण नकोच.

उत्तर (जळगाव): विकण्याआधी एक बघा. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदलेल्या कारागिरांच्या मालाला त्यातून सूट मिळते. नोंदणी आत्ताच करून घ्या, ऐन यात्रेच्या तोंडावर धावपळ नको.