तिकिटाचा (म्हणजे नोंदवलेल्या तक्रारीचा) मेल उशिरा आला तेव्हा... तुमचे अनुभव सांगा

निशिगंध_७७
काल मेकॅनिक वॉशिंग मशीन दुरुस्त करून, चहा पिऊन गेला आणि रात्री मेल आला, 'आपली तक्रार नोंदवली आहे.' घरचे हसले. मला मात्र २०१६ आठवलं आणि झोप लागेना.

पहिली नोकरी, एका रुग्णालयाचं आयटी हेल्पडेस्क. रात्री २ वाजता वॉर्डातल्या सिस्टरांनी हेल्पडेस्कच्या पत्त्यावर मेल टाकला. रक्ताच्या नमुन्यांना लावायच्या बारकोडचा प्रिंटर बंद. मी माझा इनबॉक्स उघडून जागाच होतो. मला तिकिटाचा मेल आला सकाळी ९ वाजून ४ मिनिटांनी, आणखी सतरा मेलच्या घोळक्यात. वर गेलो तर सिस्टरांनी पांढऱ्या चिकटपट्टीवर बॉलपेनाने एकेक नाव, वय, खाट नंबर लिहून काढला होता. बोटांना शाई लागलेली. 'तिकीट टाकलं होतं हो, कुणी आलंच नाही,' एवढंच म्हणाल्या.

कारण सापडायला आठवडा गेला. हेल्पडेस्कच्या पत्त्यावरचे मेल तिकीट सिस्टिममध्ये ओढून घ्यायचं काम क्रॉनला (ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणाऱ्या प्रोग्रामला) लावलेलंच नव्हतं. हेल्पडेस्कचा कुणी माणूस लॉगिन करून तिकिटांचं पान उघडेल तेव्हाच ते चालायचं. दिवसा दहा जण लॉगिन असायचे म्हणून कधी जाणवलं नाही. रात्री मी फक्त इनबॉक्स बघत बसायचो. क्रॉनटॅबमध्ये, म्हणजे क्रॉनच्या कामांच्या यादीत, एक ओळ टाकली, दर ५ मिनिटांनी, आणि मिटलं. ती शाई मात्र अजून डोळ्यांसमोर आहे.

कोकणमेवा
बाप रे. माझी आई ३१ वर्षं सिस्टर होती, तिला आत्ता वाचून दाखवलं. म्हणाली, हाताने लिहिलं तेच बरं केलं, नमुने बदलले असते तर? पण फोन का नाही केला त्यांनी?

निशिगंध_७७
तिकिटाशिवाय फोन घ्यायचा नाही असा नियम होता तेव्हा. आईंना नमस्कार सांगा.

दुपारचा_चहा
आधी मेलचं हेडर (मेलसोबत येणारी प्रवासाची नोंद) उघडा. रिसीव्हडच्या ओळी खालून वर वाचायच्या, वाटेतला प्रत्येक सर्व्हर अशी एक ओळ वेळेसकट वर जोडतो. ज्या दोन ओळींच्या वेळांत मोठी फट, तिथे मेल अडकला होता. सगळ्यात खालच्या ओळीतच उशिराची वेळ असेल तर मेल सर्व्हरला बोल लावू नका, तिकीट सिस्टिमनेच उशिरा सोडलाय. आणि टाइमझोन बघा!! एका ओळीत +०५३०, दुसरीत +००००. साडेपाच तासांची फट शोधण्यात माझा अख्खा शनिवार गेला, उशीर नव्हताच.

एक_सोलापूरकर
आमच्या कॉलेजात ग्रेलिस्टिंग. अनोळखी सर्व्हर दिसला की ४५१ (म्हणजे 'नंतर या') हा कोड देऊन परत पाठवायचं, थोड्या वेळाने पुन्हा आला की आत घ्यायचं. पोस्टफिक्स (मेल पाठवणारं सॉफ्टवेअर) मूळ सेटिंगला ५ मिनिटांनी पुन्हा पाठवण्यापासून सुरू करतो, मग थांबायची वेळ वाढवत ४००० सेकंदांपर्यंत नेतो. आमचे मेल क्लाउडवरून यायचे, प्रत्येक फेरीला आयपी (सर्व्हरचा नेटवरचा पत्ता) वेगळा, म्हणजे प्रत्येक वेळी अनोळखीच. प्रवेशाच्या आठवड्यात पोरं पासवर्डसाठी खिडकीशी रांगेत. लिंक चालायची १ तास, मेल पोचायचा ३ तासांनी. एक मुलगी रडायलाच लागली. शेवटी त्या सेवेचे सगळे आयपी सवलतीच्या यादीत टाकले.

कोकणमेवा
सोलापूरकर, जाताजाता विचारते, शेंगाचटणी कुरिअरने टिकते का हो?

एक_सोलापूरकर
महिनाभर आरामात. ओला चमचा घालू नका फक्त.

ढगाआड
दिवाळीत एका साहेबांनी 'सुट्टीवर आहे' लावलं. सिस्टिम म्हणे तिकीट नोंदवलं, साहेबांचा मेल म्हणे सुट्टीवर आहे, त्याचं पुन्हा नवं तिकीट. पाडव्यापर्यंत दोघांचं चालूच 😄 गूगल वर्कस्पेसची दिवसाची २००० मेलची मर्यादा संपली आणि बाकी सगळ्यांचे मेल खोळंबले. ऑटो-सबमिटेड हेडर ('हा मेल आपोआप गेलाय' अशी खूण) असलेल्या मेलवर तिकीट काढायचं नाही असं लावल्यावर सुटलो. आरएफसी ३८३४ (इंटरनेटच्या नियमांचा एक दस्तऐवज) त्यासाठीच आहे, २००४ पासून.

लोकल_८_१२
गाडीत आहे, थोडक्यात. लॅपटॉपवर मेल वेळेत आणि फोनवर उशिरा = बॅटरी सेव्हर. मेल ॲपला त्यातून वगळा. दादर आलं

अंगणवेल
आमच्याकडे आत्ता हेच चाललंय! रोज सकाळी १० ते १२ तिकिटांचे मेल ४० मिनिटं उशिरा, दुपारी एकदम व्यवस्थित. लोक मला येऊन विचारतात, तुम्ही तिकीट बघता तरी का. फार लागतं मनाला.

दुपारचा_चहा
अंगणवेल, उद्या १० ला सर्व्हरवर mailq (थांबलेल्या मेलची रांग दाखवणारी कमांड) चालवण्याऐवजी आधी कुणाला तरी विचारा, त्या वेळेला मोठा गठ्ठा कोण पाठवतं. मग रांग बघा. आणि लोकांचं मनाला लावून घेऊ नका, त्यांना रांग दिसत नसते.

अंगणवेल
सापडलं!!! रोज १० ला हजेरीचा मेल सहा हजार जणांना जातो, त्याच सर्व्हरवरून. तिकिटं त्याच्या मागे उभी. आता हजेरीची वेळ रात्री २ ची केली. सगळ्यांचे खूप आभार 🙏

कोकणमेवा
रात्री २? आणि तेव्हाच कुणाचा प्रिंटर बंद पडला तर?

अंगणवेल
अरे हो. थांबा, हजेरीला वेगळा सर्व्हरच मागते.