टेरियरला मारझोड न करता शिकवणारा ट्रेनर ग्वाल्हेरमध्ये कोणी आहे का?

कंपूवाली: नमस्कार मंडळी, आम्ही लश्करला राहतो, कंपूपाशी. घरी आठ महिन्यांचा जॅक रसेल टेरियर आहे, नाव गुंड्या (नावच चुकलं बहुतेक). कुंड्या उकरतो, खार दिसली की मला फरफटत नेतो आणि बेल वाजली की भुंकणं थांबतच नाही. मागच्या महिन्यात एक ट्रेनर लावला, पैसे आधीच घेतले त्याने, आणि चोक चेन (ओढली की गळा आवळणारी साखळी) घालून झटके मारायचा, म्हणे असंच डोकं ठिकाणावर येतं. आता "बैठ" म्हटलं की बसतो खरा पण कान पाडून, आणि गेट वाजलं की दिवाणाखाली. सासूबाईच म्हणाल्या, हा माणूस उद्यापासून नको. टेरियर प्रेमाने शिकतो का हो? आणि शिकवणारा शोधायचा कसा?

नऊ_वर्षांची_चिंगी: ताई, आमच्याकडे फॉक्स टेरियर आहे, सगळं भोगलंय. ही जात हट्टी नाही, बिळात शिरून एकट्याने ठरवायचं काम हिला दिलेलं, टेरियर शब्दच लॅटिन टेरा म्हणजे जमीन त्यावरून आलाय. तुमच्या जातीला ज्यांचं नाव आहे ते जॅक रसेल 19व्या शतकातले डेव्हनचे पाद्री, कोल्ह्यांना बिळातून हुसकायला कुत्री पाळायचे. त्याला उकरू नको म्हणणं म्हणजे ग्वाल्हेरवाल्याला थंडीत गजक खाऊ नको म्हणण्यासारखं. आम्ही गच्चीवर जुन्या टबात रेती भरली आणि त्यात बिस्किटं पुरतो, कुंड्या वाचल्या. चालताना पट्टा ताणला की जागीच उभं राहायचं, सैल झाला की पुढे, बस. पहिल्या दिवशी कोपऱ्यापर्यंत पंचवीस मिनिटं लागली, दूधवाला हसत होता. छातीवर कडी असलेला हार्नेस घ्या, म्हणजे गळ्याऐवजी अंगावर बसणारा पट्टा. खाऊ म्हणून पनीर नाहीतर उकडलेलं चिकन, वाटाण्याएवढं, आणि प्रसादातल्या मनुका चुकूनही नाही, द्राक्षं-मनुकांनी किडनी जाते त्यांची.

जुना_लश्करकर: आमच्या वाड्यात एक रट्टा दिला की कुत्र्याला कळायचं. पनीर संपलं की मग काय करणार?

मुरारची_मावशी: काका, रट्ट्याने तो एवढंच शिकतो की कोणापासून लपायचं, गुंड्या दिवाणाखाली तेच करतोय. अमेरिकेतल्या पशुवर्तनाच्या डॉक्टरांच्या संघटनेने 2021 मध्ये स्पष्ट म्हटलंय की बक्षीस देऊनच शिकवा, चावऱ्या कुत्र्यालासुद्धा. आणि पनीर रोज लागत नाही, नीट शिकला की कधी पनीर, कधी बॉल, कधी नुसतं शाब्बास.
ताई, तुम्ही आधी डॉक्टरला गुंड्याची मान दाखवा, झटक्यांनी दुखत असेल तर तो कसा शिकणार. मग ट्रेनरला फोनवर एकच विचारा, "कुत्रा चुकला तर तुम्ही काय करता?" बॉस, अल्फा, झटका असलं काही आलं की नमस्कार करून ठेवून द्या. महिनाभर घेऊन जातो आणि तयार करून आणतो म्हणणाराही नको, कारण शिकायचं खरं तर घरच्यांना असतं, चांगला माणूस सगळ्यांना समोर बसवतो. आपल्याकडे टेकनपूरला बीएसएफचं कुत्र्यांचं ट्रेनिंग सेंटर असल्यामुळे जो तो "टेकनपूरवाला" म्हणून सांगतो, खरंच तिथला रिटायर्ड माणूस मिळाला तर छानच, पण प्रश्न त्यालाही तोच.

कंपूवाली: थँक्यू सगळ्यांना. आज दोघांना फोन केला. पहिला म्हणाला, "मैडम, डंडा तो दिखाना पड़ेगा." दुसऱ्याने उलट मलाच विचारलं, काय खातो, कशाला घाबरतो, घरी कोण कोण असतं. रविवारी सकाळी सहाला बोलावलंय, नंतर ऊन चढतं. मान डॉक्टरने बघितली, ठीक आहे. रेतीचा टब सासूबाईंनीच भरला, तीन बिस्किटं पुरली, दोन त्याने लगेच काढली आणि तिसरं सापडेना म्हणून आता तुळशीवृंदावन उकरतोय.