मदत हवी आहे : वर्गातल्या डिझाइन स्पर्धेत आश्रमशाळेतून आलेली मुलं मागे पडू नयेत म्हणून काय करावं?

नमस्कार. मी मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षाला शिकवते. नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव, अक्कलकुवा भागातली, आश्रमशाळेत शिकलेली आणि घरातली पहिलीच कॉलेजात आलेली काही आदिवासी मुलं वर्गात आहेत. गेल्या सत्रात डिझाइन स्पर्धा घेतली. गट मुलांनीच पाडले आणि तिथेच चुकलं. शहरातल्या मुलांनी कॅड (संगणकावरचं आरेखन) आणि सादरीकरण घेतलं, या मुलांकडे सामान आणणं, फाईल लिहिणं आलं. एकाला वेल्डिंग उत्तम येतं, हे मला शेवटच्या दिवशी कळलं. फार लागलं मनाला.

स्मार्ट इंडिया हॅकेथॉन या विद्यार्थ्यांच्या देशपातळीवरच्या स्पर्धेत सहा जणांच्या संघात किमान एक मुलगी लागते. तसाच, प्रत्येक गटात या मुलांपैकी किमान एक हवा, असा नियम वर्गात केला, तर कुणावर शिक्का तर बसणार नाही ना?

यंदा विषय मोहफुलं वाळवण्याच्या साधनाचा द्यायचा विचार आहे. फुलं जमिनीवर पसरली की माती लागते, भाव पडतो. हे त्या मुलांना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. सामान कॉलेज देईल, खिशातून खर्च नको.

गट कसे पाडता? कामं आलटून पालटून देता का? गुण गटाला की प्रत्येकाला? ज्यांनी हे केलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा. सत्र पंधरा दिवसांत सुरू होतंय.