मदत हवी आहे: स्क्रू वीस रुपयांचा आणि कुरिअर शंभराच्या वर

नमस्कार मंडळी. मी सोलापुरात युनिफॉर्म शिवणाऱ्या छोट्या युनिटांची शिलाई मशीन दुरुस्त करतो. सुया, बॉबिन केस, बेल्ट इथल्या दुकानांत मिळतात. अडतं ते ओव्हरलॉकच्या, म्हणजे कापडाची कड शिवणाऱ्या मशीनच्या, बारीकसारीक पार्ट्सवर: लूपर (खालून दोरा गुंफणारा वाकडा हूक), दोऱ्याच्या टेन्शनची स्प्रिंग, लूपर घट्ट धरणारा स्क्रू.

हा स्क्रू हार्डवेअरच्या दुकानातून आणून चालत नाही. त्याचा व्यास ९/६४ इंच आणि इंचाला ४० आटे. दुकानात असतो एम-३ किंवा एम-४, म्हणजे तीन किंवा चार मिलिमीटरचा. एक ढिला बसतो, दुसरा आत जातच नाही, आणि जोर लावला की होल्डरचे आटे गेलेच म्हणून समजा. म्हणून ऑनलाइन मागवावा लागतो, बहुतेक दिल्ली किंवा लुधियानाहून. पार्ट वीस रुपयांचा, कुरिअर शंभराच्या वर, कॅश ऑन डिलिव्हरी घेतली तर आणखी जादा.

पार्ट वीस ग्रॅमचाही नसतो, पण येतो २० × १५ × १० सेंटीमीटरच्या खोक्यात. कुरिअरवाले लांबी, रुंदी, उंची गुणून ५००० ने भागतात आणि येईल ते किलोतलं वजन धरतात, म्हणजे ६०० ग्रॅम. अर्ध्या किलोचा स्लॅब ओलांडला की पैसे एक किलोचे. आपण पैसे मोजतो ते खोक्यातल्या हवेचे!

जूनमध्ये शाळा उघडायच्या आधी या युनिटांत श्वास घ्यायला फुरसत नसते. बायका पीसवर काम करतात. मशीन बंद म्हणजे त्यांची त्या दिवसाची कमाई बुडाली. हा खर्च त्यांच्या मालकाकडून तरी किती वसूल करायचा? छोट्या पार्ट्सचा खर्च तुम्ही कसा आटोक्यात ठेवता?

प्रतिसाद:
दादा, ऑर्डर देण्याआधी विक्रेत्याला फोन करा आणि खोकं नको, जाड पाकिटात पाठवा म्हणून सांगा. २५ × १५ × २ सेंमी पाकिटाचे तुमच्याच हिशोबाने १५० ग्रॅम होतात, म्हणजे अर्ध्या किलोतच बसतं. फक्त लूपर पुठ्ठ्यावर चिकटवून द्यायला सांगा, टोक वाकलं तर पार्ट वाया. आणि पुण्यात मिळणारी वस्तू कुरिअरने कशाला? हुतात्मा एक्सप्रेसने सकाळी गेलेला माणूस रात्री परत येतो. कोणी ना कोणी जातच असतं.

धागाकर्ता:
पाकिटाचं आजच विचारतो. सोलापुरातले आणखी कोणी मेकॅनिक इथे असतील तर कृपया लिहा. एप्रिलच्या आधी सगळ्यांची मिळून एकच ऑर्डर टाकू. लूपर मागवताना मशीनचा मॉडेल नंबर आणि जुन्या पार्टवर कोरलेला नंबर, दोन्ही कळवा.